नायट्रो ट्रकचे इंजिन इंधनाने तुंबल्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील माहिती दुरून रेडिओच्या रिमोटवर चालवायच्या छोट्या मॉडेल ट्रकसाठी, म्हणजे साधारण २.५ ते ४.६ सीसी क्षमतेच्या टू-स्ट्रोक नायट्रो इंजिनाच्या ट्रकसाठी, आहे. ट्रॅक्सासचे टी-मॅक्स व रेव्हो आणि एचपीआयचे सॅव्हेज हे या वर्गातील परिचित ट्रक होत. पेट्रोलवर चालणाऱ्या, ठिणगीच्या प्लगच्या मोठ्या इंजिनांना यातील बराचसा भाग लागू पडत नाही.

इंजिन ‘फ्लड झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या खालच्या क्रँककेसमध्ये वाफेऐवजी द्रव इंधन साचले, असा त्याचा अर्थ आहे. जुन्या स्कूटरवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर गाडी ‘ओव्हरफ्लो’ झाली. फरक एवढाच की स्कूटरचा प्लग ओला झाला तर ती फक्त सुरू होत नाही; इथे मात्र पिस्टन वर जाताना वाटेत द्रव सापडला तर तो वर जाऊच शकत नाही, कारण हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. ३.३ सीसीच्या इंजिनात पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर सिलिंडरच्या माथ्याखाली उरणारी जागा अर्ध्या सीसीच्या आसपास असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम दहावा हिस्सा. तेवढे इंधन साचले तरी इंजिन सुरू करण्याची दोरी मध्येच अडते आणि ती कितीही ओढली तरी पुढे सरकत नाही.

पेट्रोलच्या गाडीच्या मानाने हे इंजिन इतक्या सहज का तुंबते?

याचे मूळ इंधनातच आहे. नायट्रो इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल यांचे मिश्रण; ट्रकसाठी नायट्रोमिथेनचे प्रमाण बहुधा २० टक्क्यांच्या आसपास असते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, तर एक ग्रॅम मिथेनॉलला जेमतेम ६.४ ग्रॅम आणि नायट्रोमिथेनला त्याहूनही पुष्कळ कमी, १.७ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे तेवढ्याच हवेबरोबर हे इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा दुपटीहून अधिक इंधन ओढून घेते आणि कार्बोरेटरची रचनाही त्याच हिशेबाने केलेली असते. इंजिन पेटत नसताना आपण दोरी ओढत राहिलो, तर प्रत्येक ओढीला तेवढेच भरघोस इंधन आत जाते आणि जळत मात्र काहीच नाही.

दुसरे असे की मिथेनॉलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता फार मोठ्या प्रमाणात शोषून घेते. ग्लो प्लगची, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या प्लगची, तार थोडी ओली झाली की ती निवते, निवली की इंधन पेटत नाही, पेटत नाही म्हणून आणखी इंधन साचते. या चक्रात एकदा सापडलेले इंजिन केवळ दोरी ओढून सहसा बाहेर येत नाही.

नवे इंजिन मुळातच घट्ट असते, असे ऐकले आहे. मग ते तुंबले आहे की नुसते घट्ट आहे, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न रास्त आहे, कारण दोन्ही वेळा हाताला जवळजवळ सारखेच जाणवते. या इंजिनांच्या पिस्टनला बहुधा रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन पितळी स्लीव्हमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, वर-खाली सरकतो, स्लीव्हच्या आत क्रोमचा थर असतो आणि ती स्लीव्ह वरच्या टोकाशी किंचित निमुळती केलेली असते. इंजिन तापले की स्लीव्ह प्रसरण पावते आणि मापे नेमकी जुळतात. थंड असताना मात्र पिस्टन वरच्या टोकाशी आवळून धरल्यासारखा होतो. नव्या इंजिनात हा आवळ इतका असतो की हाताने फिरवताना ‘कच्’ असा बारीक आवाज येतो. तो दोष नव्हे, उलट चांगल्या इंजिनाची ती खूण आहे.

दोन्हींतला फरक ओळखण्याचा खात्रीचा उपाय एकच : ग्लो प्लग काढावा आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावरचे जड चाक) बोटाने सावकाश फिरवावे. प्लग काढल्यावर इंजिन मोकळे फिरले आणि भोकातून इंधन उडाले, तर ते तुंबलेले होते. मोकळे फिरले, पण दर फेरीला एकाच ठिकाणी थोडा आवळ लागला, तर ती स्लीव्हची निमुळती जागा आहे. प्लग काढूनही फ्लायव्हील हलतच नसेल, तर इंधनाशी त्याचा संबंध नाही. बेअरिंग गंजले असेल, आत काहीतरी तुटले असेल किंवा दोरीच्या यंत्रणेचा काही भाग अडकला असेल, आणि अशा वेळी इंजिन खोलण्यावाचून इलाज नसतो.

याखेरीज काही बाहेरच्या खुणाही असतात. सायलेन्सरच्या टोकातून तेलकट थेंब टपकणे, हवेची जाळी ओली होणे, इंजिनाने दोन-तीनदा खोकल्यासारखे करून गप्प होणे, आणि काढलेला प्लग चमकदार ओला दिसणे, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर फार शंका घेण्याचे कारण नाही.

दोरी अडली असताना थोडा जोर लावून पाहिला तर काय होईल?

नशीब चांगले असेल तर फक्त दोरी तुटेल. नसेल तर स्टार्टरचे एकाच दिशेने फिरणारे बेअरिंग घसरू लागेल, किंवा कनेक्टिंग रॉड वाकेल. हा रॉड काडेपेटीतल्या काडीपेक्षा फार लांब नसतो आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या भोकांतील मापे अत्यंत काटेकोर असतात. किंचित वाकलेला रॉड त्या दिवशी चालतो आणि काही टाक्या इंधन संपल्यावर, इंजिन पूर्ण वेगात असताना तुटतो. मग पिस्टन आणि स्लीव्हही बरोबर घेऊन जातो. त्या वेळी मालकाला मूळ कारण आठवतही नाही.

प्रस्तुत लेखकाची पहिली दोरी अशीच तुटली. डिसेंबरातली सकाळ होती, गावाबाहेरचे मैदान होते, आणि बघायला जमलेली चार मुले ‘काका, जोरात ओढा’ म्हणत होती. काकांनी ओढली. दोरीचे मूठ असलेले टोक हातात राहिले आणि उरलेली दोरी सुर्रकन आत गेली. घरी येऊन प्लग काढला तेव्हा भोकातून गुलाबी इंधनाची चिळकांडी थेट शर्टावर आली, आणि त्यानंतर तपासले तेव्हा कळले की इग्नायटरचा, म्हणजे प्लगची तार तापवणाऱ्या हातातल्या साधनाचा, सेल रात्रभर चार्जरवर ठेवला होता खरा, पण चार्जरचे बटणच सुरू केलेले नव्हते.

साचलेले इंधन बाहेर काढण्याची योग्य पद्धत कोणती?

सर्वप्रथम इग्नायटर प्लगवरून काढून हातभर नव्हे, चांगला दूर ठेवावा. रेडिओ आणि ट्रकची बॅटरी सुरू असेल तर थ्रॉटल मिटलेल्या स्थितीत आहे याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर टाकीकडून कार्बोरेटरकडे येणारी नळी चिमट्याने दाबून बंद करावी. सायलेन्सरकडून टाकीकडे जाणारी दुसरी नळीही बंद करावी, कारण ट्रक उलटा केला की टाकीतले इंधन त्या वाटेने सायलेन्सरमध्ये उतरते आणि आपण एकीकडून उपसत असताना दुसरीकडून विहीर भरत राहते. टाकी रिकामी करून घेता आली तर उत्तमच. हवेची जाळी काढून बाजूला ठेवावी, मात्र कार्बोरेटरच्या तोंडात धूळ जाणार नाही असे स्वच्छ फडके तिथे हलकेच लावावे.

आता माथ्याभोवतीची माती ब्रशने झाडावी. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि प्लग काढताना वाळूचा एखादा कण भोकात पडतो. पिस्टनवर त्याने ओढलेला ओरखडा पुढे जन्मभर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, खातो. झाडून झाले की ८ मिलिमीटरच्या खोल बॉक्स पान्याने प्लग सोडवावा. प्लगबरोबर तांब्याचा बारीक वायसर असतो. तो माथ्याच्या खाचेत चिकटून राहतो आणि ट्रक उलटा करताच गवतात पडतो, म्हणून तो आधी काढून खिशात टाकावा.

प्लग निघाल्यावर भोकावर जाड फडके धरावे, ट्रक उलटा करावा आणि दोरी हलक्या हाताने, अर्ध्या लांबीपर्यंत, आठ-दहा वेळा ओढावी. पहिल्या दोन-तीन ओढींत इंधन जोराने उडते, नंतर फवारा येतो आणि शेवटी फडके फक्त दमट होते. इथेच थांबू नये. टू-स्ट्रोक इंजिनात इंधन आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथून बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते; खाली साचलेले इंधन त्यामुळे टप्प्याटप्प्यानेच वर येते. एक मिनिट थांबून, ट्रक या कुशीवरून त्या कुशीवर करून पुन्हा पाच-सहा ओढी घेतल्या की फडके बहुधा पुन्हा भिजते. दुसऱ्या वेळी ते कोरडे निघाले तरच सिलिंडर मोकळा झाला असे समजावे.

सायलेन्सरचे काम अजून शिल्लक असते. त्याच्या पोकळीत साचलेले तेलमिश्रित इंधन ट्रक पुढच्या बाजूला झुकताच परत इंजिनात उतरते. ट्रक उभा धरून सायलेन्सरचे टोक खाली करावे आणि थेंब थांबेपर्यंत वाट पाहावी. शक्य असेल तर तो सोडवून रिकामा करावा.

हे करताना आगीचा धोका किती?

धोका खरा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही, हीच त्यातली अडचण. शुद्ध मिथेनॉलची ज्वाला फिकट निळी असते, भर उन्हात ती जवळजवळ अदृश्य होते. हवा थरथरताना दिसते, फडके काळे पडते आणि मग हाताला चटका बसतो. मिथेनॉलची वाफ ११ अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणजे महाराष्ट्रात जवळजवळ वर्षभर, कोणत्याही वेळी. प्लग काढलेला असताना इग्नायटर लावून तार पाहण्याचे काम आणि दोरी ओढून इंधन उडवण्याचे काम ही दोन कधीही एकाच जागी, एकाच वेळी करू नयेत. भोकातून उडणाऱ्या इंधनाच्या रेषेत स्वतःचा चेहरा किंवा बघ्यांचे चेहरे नसावेत. साधा चष्मासुद्धा उपयोगी पडतो. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळते, त्यामुळे लहानशी आग भरपूर पाण्याने विझते, मात्र पाणी मोजकेच असेल तर जळते इंधन पसरण्याची भीती असते. कोरड्या पावडरचे छोटे अग्निशामक नळकांडे गाडीच्या डिकीत असणे अधिक बरे.

ग्लो प्लग चांगला आहे की गेला, हे कसे तपासावे?

तुंबलेल्या इंजिनांपैकी बहुतेकांचा खरा आजार इथे सापडतो, म्हणून या उत्तरात थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

ग्लो प्लग ठिणगी पाडत नाही. त्याच्या तोंडाशी प्लॅटिनमयुक्त मिश्रधातूच्या बारीक तारेचे वेटोळे असते. सुरुवातीला इग्नायटरच्या १.२ ते १.५ व्होल्टने ती तार तापते. इंजिन सुरू झाल्यावर ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची होणारी रासायनिक क्रिया यांमुळे ती विजेशिवायही लाल राहते. वेटोळ्यावर इंधनाचा थेंब अडकलेला असेल किंवा तारेची चमक कमी झाली असेल, तर ही साखळी सुरूच होत नाही.

प्लग काढून आधी फडक्याने टिपावा, इंधनापासून दूर न्यावा, पक्कडीत धरावा आणि मग इग्नायटर लावावा. तापलेला प्लग बोटात धरणारा माणूस तो दुसऱ्यांदा तसा धरत नाही. ओला प्लग प्रथम चुरचुरतो, वेटोळ्यातून दोन-चार बुडबुडे येतात, थोडी वाफ निघते आणि मग तार उजळू लागते. सगळी वेटोळी एकसारखी, झगझगीत नारिंगी झाली पाहिजेत. एखाद-दुसरेच वेटोळे लाल झाले, रंग विझत्या निखाऱ्यासारखा मंद राहिला, तार मुरडलेली किंवा भिंतीला टेकलेली दिसली, तर तो प्लग टाकून द्यावा. नव्या प्लगची किंमत नव्या पिस्टन-स्लीव्हच्या तुलनेत अगदीच किरकोळ आहे, आणि खिशात एक जादा प्लग न ठेवता मैदानावर जाणे हे स्टेपनीशिवाय घाटात जाण्यासारखे आहे.

तार मंद दिसली म्हणजे प्लगच वाईट, असे मात्र लगेच ठरवू नये. प्लग साधारण ३ अँपिअर प्रवाह ओढतो. जुना झालेला सेल मीटरवर १.२ व्होल्ट दाखवतो, पण एवढा प्रवाह मागितला की बसतो. तोच प्लग दुसऱ्याच्या इग्नायटरवर लावून पाहिला की दोषी कोण, ते लगेच समजते.

नवा प्लग घेताना बैठकीचा प्रकार पाहावा. वायसरवर बसणारा साधा प्लग आणि उतरत्या तोंडाचा टर्बो प्लग एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बसवताना पहिले दोन-तीन आटे पाना न लावता, नुसत्या बोटांनी फिरवून बसवावेत. ॲल्युमिनियमच्या माथ्याचे आटे एकदा मारले गेले की नवा माथाच घ्यावा लागतो.

सगळे कोरडे केले. आता इंजिन पुन्हा सुरू कसे करावे?

टाकीची नळी चिमट्याने बंदच ठेवावी. कितीही उपसले तरी आत इंधनाचा पातळ थर उरलेला असतो आणि पहिल्यांदा पेटायला तेवढा पुरतो. प्लग व वायसर बसवून इग्नायटर लावावा, दहा-पंधरा सेकंद थांबावे म्हणजे तार नीट तापते, आणि मग दोरी झटक्याने पण आखूड ओढावी. साधारण वीतभर किंवा थोडी अधिक. इंजिन एक-दोनदा भुर्रर्र करून धूर सोडेल. तसे झाले की नळी सोडावी आणि पुढची ओढ घ्यावी. सुरुवातीला पांढुरका दाट धूर आणि अडखळती चाल अपेक्षितच असते. थ्रॉटल किंचित उघडून धरले तर अर्धे मिनिट ते एका मिनिटात आवाज मोकळा होतो.

दहा ओढींत इंजिनाने साधा खोकलाही काढला नाही, तर अकरावी ओढ घेऊ नये. प्लग पुन्हा काढून पाहावा. तो ओला असेल तर इंधन येते आहे, पण पेटत नाही. कोरडा असेल तर इंधनच पोहोचत नाही. दोन्हींची चौकशी वेगवेगळ्या दिशेने करायची असते, आणि दोरी ओढत राहिल्याने दोन्हींपैकी कशाचेही उत्तर मिळत नाही.

साफ केले, सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुंबले. असे का होते?

साचलेले इंधन हे लक्षण आहे; ते काढून टाकले म्हणजे कारण गेले असे होत नाही. आमच्या अनुभवात कारणांचा क्रम साधारण असा लागतो.

प्लग आणि इग्नायटर यांच्याविषयी वर आलेच आहे. त्यानंतर दोषी असतो तो अतिउत्साही हात. थंड इंजिनात इंधन ओढून घेण्यासाठी सायलेन्सरच्या टोकावर बोट ठेवून दोन-तीन ओढी घेतल्या जातात. बोट ठेवल्याने टाकीत दाब वाढतो आणि इंधन नळीतून पुढे सरकते. ही युक्ती चांगली आहे, पण डोळा नळीवर हवा. नळी पारदर्शक असते ती याचसाठी. इंधनाची कड कार्बोरेटरपर्यंत पोहोचताना दिसली की बोट काढावे. त्यानंतरची प्रत्येक ओढ म्हणजे जेवण झालेल्या पाहुण्याला आग्रहाने वाढलेला लाडू आहे. काही टाक्यांना यासाठी दाबायचे बटण असते, त्यालाही हाच नियम लागू.

तिसरे कारण टाकीची उंची. अनेक ट्रकमध्ये काठोकाठ भरलेल्या टाकीतील इंधनाची पातळी कार्बोरेटरपेक्षा वर असते. इंजिन बंद करून ट्रक तसाच ठेवला, तर इंधन आपोआप उतरत राहते. टाकीत उरलेला दाब त्याला मदतच करतो. चहा घेऊन परत येईपर्यंत इंजिन तुंबलेले असते आणि ‘आत्ता तर चालत होते’ हे वाक्य ऐकू येते. टाकी भरून लगेच सुरू करायचे नसेल, तर नळीला चिमटा लावणे किंवा निदान झाकण क्षणभर उघडून दाब सोडणे, एवढे पुरते.

चौथे कारण मंद गतीच्या निडलचे, म्हणजे मंद गतीला जाणारे इंधन कमी-जास्त करणाऱ्या कार्बोरेटरवरील स्क्रूचे. इंजिन आयडलिंगला चालते, पण अर्ध्या मिनिटाने आवाज जड होतो, वेग उतरत जातो आणि ते बंद पडते. किंवा थांबलेल्या ट्रकला एकदम रेस दिली की ते गुदमरते, गुळण्या केल्यासारखा आवाज काढते आणि धुराचा लोट सोडते. याचा अर्थ मंद गतीचे मिश्रण रिच आहे, म्हणजे त्यात इंधन जास्त आहे. तापलेले इंजिन आयडलिंगला असताना कार्बोरेटरजवळ नळी दाबून धरावी. दोन-तीन सेकंदांत वेग किंचित वाढून इंजिन बंद पडले तर मिश्रण ठीक आहे. त्याहून फार जास्त वेळ ते चालत राहिले, तर निडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक-अष्टमांश फेरा आवळावी आणि पुन्हा पाहावे.

याखेरीज थ्रॉटलचा सर्व्हो (थ्रॉटल हलवणारी छोटी मोटार) मिटल्यावरही कार्बोरेटर अर्धा उघडाच राहणे, आयडलिंगची फट एक मिलिमीटरच्या आसपास असायला हवी तिथे जास्त असणे, आणि हवेच्या जाळीच्या फोमला इतके तेल चोपडलेले असणे की हवाच आत येत नाही, ही कारणेही अधूनमधून सापडतात.

मग सरळ मुख्य निडलच दोन फेरे आवळून टाकली तर इंधन कमी जाईल आणि प्रश्नच मिटेल, असे का करू नये?

कारण या इंजिनाला वेगळे वंगण नसते. बेअरिंग, रॉड आणि पिस्टन यांना मिळणारे तेल इंधनात मिसळूनच येते. इंधन तोडले की तेलही तुटते. लीन, म्हणजे इंधन कमी असलेल्या, मिश्रणावर इंजिन काही मिनिटे विलक्षण जोमात पळते, आवाज तीक्ष्ण होतो, धूर दिसेनासा होतो, मालक खूश होतो, आणि मग ते आचके देऊन बंद पडते. माथ्याचे तापमान साधारण ९५ ते १२० अंश सेल्सिअसमध्ये राहणे योग्य. तापमापक नसेल तर माथ्यावर पाण्याचा थेंब टाकावा : तीन ते पाच सेकंदांत तो उकळून आटला तर ठीक, पडताक्षणी फुटून उडाला तर इंजिन फार तापले आहे. ट्रक पूर्ण वेगात जाताना मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे.

तुंबण्याचा दोष मुख्य निडलमुळे बहुधा येतच नाही. पुष्कळ छेडछाड झाली असेल, तर दोन्ही निडल निर्मात्याच्या पुस्तिकेतील मूळ मापावर नेऊन तिथून सुरुवात करावी. फेरे मोजण्यासाठी निडल आवळताना ती तळाला हलकेच टेकवावी. जोराने आवळल्यास तिचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात.

आमच्या ट्रकला दोरी नाही, विद्युत स्टार्टर आहे. त्यालाही हेच लागू आहे का?

हो, आणि तिथे जास्त सावध राहावे लागते, कारण हाताला जाणवणारा अडथळा मोटारीला जाणवत नाही. टी-मॅक्सच्या ईझी-स्टार्टसारख्या यंत्रणेत हातातल्या नियंत्रकावर प्लगचा दिवा असतो; तो लागला नाही तर प्लग, त्याची तार किंवा बॅटरी यांत दोष आहे असे समजून तिथेच थांबावे. मोटारीचा आवाज जड झाला किंवा ती अडली, तर बटण लगेच सोडावे. दाबून धरल्यास मोटार जळते किंवा तिचे दाते जातात. प्लग काढून इंधन उडवण्याचे काम विद्युत स्टार्टरने दोरीपेक्षा लवकर होते, फक्त बटण दोन-दोन सेकंदच दाबावे आणि प्लगची तार त्या वेळी धातूला टेकू देऊ नये.

ट्रक तासभर उन्हात ठेवला तर इंधन उडून जाणार नाही का?

अर्धेच जाईल. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळते आणि उघड्यावर लवकर उडते. नायट्रोमिथेनला १०० अंशांहून थोडे जास्त तापमान लागते. तेल तर मुळीच उडत नाही. बंद सिलिंडरमधून वाफेलाही बाहेर पडायला फारशी वाट नसते. तासाभराने आत उरते ते घट्ट, चिकट तेल, आणि त्याने माखलेला प्लग पेटणे आणखी कठीण होते. केस वाळवण्याच्या यंत्राने इंजिन ऊबदार करून घेणे थंडीत खरोखर उपयोगी आहे, पण ते इंधन काढून, टाकी बंद करून झाल्यानंतर. ओल्या इंजिनावर ते रोखू नये, कारण त्याच्या आत तापलेली लाल तार असते.

पावसाळ्यात हा त्रास जास्त का होतो?

मिथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये अर्धा भरलेला डबा सैल झाकणाने महिनाभर ठेवला, तर त्यातील इंधनाने इंजिन पटकन पेटत नाही, आणि पेटत नाही म्हणून मालक दोरी ओढत राहतो. डबा घट्ट बंद, सावलीत आणि शक्य तितका भरलेला ठेवावा. उरलेले थोडे इंधन मोठ्या डब्यात ठेवण्याऐवजी त्याच प्रकारच्या लहान डब्यात काढून ठेवावे. टाकीतले कालचे इंधन डब्यात परत ओतू नये.

उडालेल्या इंधनाने बाकीच्या ट्रकचे काही नुकसान होते का?

ब्रेकच्या चकतीवर ते गेले तर ब्रेक लागत नाही, आणि हे बहुधा पहिल्या भिंतीपाशी लक्षात येते. चकती व क्लचचा भाग स्पिरिटने पुसून घ्यावा. भिजलेली हवेची जाळी धुऊन, वाळवून, तिला जाळीचे तेल लावूनच परत बसवावी. रिसिव्हरच्या (रेडिओचे संदेश घेणाऱ्या भागाच्या) डबीचे झाकण नीट बसले आहे का, तेही पाहावे.

हे इंधन अंगावर उडाले तर?

साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे. मिथेनॉल कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून वारंवार हाताळणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. पोटात गेले तर वाट पाहू नये, कारण थोड्या मात्रेनेही दृष्टी जाऊ शकते. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराच्या आसपास माणसे दगावली, त्या दारूतील विष मिथेनॉलच होते. नायट्रो इंधन रंगीत असते, आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरले की ते लहान मुलाला सरबतच वाटते. ते मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे.

दिवस संपल्यावर काय केले म्हणजे पुढच्या वेळी इंजिन तुंबलेले सापडणार नाही?

टाकी रिकामी करावी. इंजिन पुन्हा सुरू करून आयडलिंगला नळी दाबून धरावी, म्हणजे आतले उरलेले इंधन जळून ते आपणच बंद पडेल. सायलेन्सरचे तोंड बोटाने दाबून बंद केल्यास आत ओल राहते आणि बोटही भाजते. त्यानंतर प्लग काढून भोकात आणि कार्बोरेटरच्या तोंडात आफ्टर-रन तेलाचे चार-पाच थेंब सोडावेत, इग्नायटर न लावता दोरी सात-आठ वेळा ओढावी, आणि प्लग परत बसवावा. नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून उरणारी आम्ले आणि मिथेनॉलने ओढलेला ओलावा मागच्या बेअरिंगला एका पावसाळ्यात गंजवतात. हे तेल त्यासाठी असते. शेवटी फ्लायव्हील फिरवून पिस्टन खालच्या टोकाशी आणून ठेवावा, म्हणजे थंड होताना तो स्लीव्हच्या निमुळत्या भागात आवळून बसत नाही. फ्लायव्हीलवर त्या जागी रंगाची एक खूण करून ठेवली की पुढच्या वेळी शोधावे लागत नाही. पुढच्या खेपेला पहिली ओढ घेण्यापूर्वी मात्र प्लग काढून ते तेल दोन-तीन ओढींत उडवून टाकावे. ते विसरल्यास इंजिन पुन्हा अडते, या वेळी तेलाने, आणि हा उपद्व्याप आम्हीही करून बसलो आहोत.